रक्तातल्या एक्झोसोमवरून कॅन्सरचा मागोवा: दादासाठी तीनदा केलेल्या तपासणीचा अनुभव

घरी येऊन रक्त नेणारी आणि त्यातल्या एक्झोसोमवरून, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या चिमुकल्या पिशव्यांवरून, ‘तोंडाचा कॅन्सर परत येतोय का’ हे सांगणारी एक तपासणी आम्ही माझ्या थोरल्या भावासाठी तीनदा केली. एका वेळेचे साडेचौदा हजार. लॅबचं नाव इथे लिहीत नाही. मला भांडण करायचं नाही, माझ्यामागून जो कुणी हे पॅकेज घेणार असेल त्याने पैसे भरायच्या आधी काय विचारावं तेवढं सांगायचं आहे. पाचपैकी दोन तारे देतेय, आणि ते दोन का दिले तेही पुढे लिहिते.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं टेक्निशियन आहे. रोज सत्तर-ऐंशी ट्यूब हातातून जातात. त्यामुळे रिपोर्टच्या आकड्याआधी माझी नजर ट्यूबकडे जाते.

दादा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. तीस वर्षं तंबाखू-चुना, नेहमी डाव्या गालात. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याला आमटी झोंबायला लागली. वहिनी तिखट कमी करत गेली, तरी झोंबायचंच. मग घास घ्यायला तोंड पुरेसं उघडेना. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं: डाव्या गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याची कड, मानेतल्या गाठी. मनगटाजवळची कातडी काढून गालात बसवली. दोन गाठींत रोग निघाला म्हणून पुढे रेडिएशनचे तीस शेक, एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). आमच्याकडे लोक त्याला ‘लाईट’ म्हणतात. दिवाळीच्या आसपास ते संपले. ऑपरेशन आणि शेक दोन्ही सरकारी योजनेत बसले, त्याबद्दल आम्ही कायमचे ऋणी आहोत.

ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. रोग परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलेलं असतं. फॉलोअपची तारीख दोन-तीन महिन्यांनी. मधल्या दिवसांत गालात काही टोचलं, कान दुखला, आवाज बसला की घर गप्प होतं. वहिनी रात्री उठून दादाच्या मानेवरून हात फिरवायची, तो झोपलाय असं समजून. तो जागा असायचा. हे त्यानेच मला सांगितलं, दुकानाच्या ओट्यावर बसून, आणि म्हणाला, “रक्तातनं कळणारं काही असेल तर बघ गं. तिला झोप तरी लागेल.”

म्हणून पॅकेज घेतलं. जाहिरातीत होतं: दहा मिली रक्त, सुई-बायोप्सी नाही, स्कॅन नाही, रोग डोळ्यांना दिसायच्या आधीच कळेल.

आता यामागची कल्पना. ती खोटी नाही, हे मला आधी सांगायचं आहे. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेर चिमुकल्या पिशव्या सोडत असते. त्यातल्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या पिशव्यांना एक्झोसोम म्हणतात. आमच्या मायक्रोस्कोपखाली दिसणारी लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची असते, यावरून आकाराचा अंदाज करा. आमच्या लॅबमधल्या कुठल्याच मायक्रोस्कोपला त्या दिसणार नाहीत. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये रोझ जॉनस्टन यांच्या गटाला, आणि त्याच सुमारास अमेरिकेत सेंट लुईसमधल्या दुसऱ्या एका गटाला, या पिशव्या दिसल्या. कच्च्या लाल पेशी पक्क्या होताना नको झालेली प्रथिनं पिशवीत भरून बाहेर टाकत होत्या. मॉन्ट्रियलच्या गटाने त्या मेंढीच्या रक्तात पाहिल्या. पुष्कळ वर्षं सगळे त्यांना पेशीचा केरकचराच समजत होते. नंतर लक्षात आलं की त्यांत प्रथिनं असतात, आरएनए (पेशीतले निरोप वाहणारा रेणू) असतो, आणि एका पेशीने पाठवलेला हा माल दुसरी पेशी उतरवून घेते, वापरते.

कॅन्सरची पेशीही पिशव्या सोडते, तिच्या खुणा अंगावर घेऊन. डोकं-मानेच्या कॅन्सरवर यात सगळ्यात चिकाटीचं काम पिट्सबर्ग विद्यापीठात थेरेसा व्हाइटसाइड यांच्या प्रयोगशाळेत झालं. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की रुग्णांच्या रक्तातल्या एक्झोसोमवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन जितकं जास्त, तितका रोग जोरात. हे प्रथिन आपल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ‘गप्प बस’ अशी खूण करतं. रक्तात सुटं फिरणारं पीडी-एल१ मोजलं तर मात्र असा मेळ बसत नव्हता. पिशवीवर बसलेलं मोजलं तरच बसत होता. हे वाचलं तेव्हा मी रात्री एक वाजता उठून परत वाचलं. माझ्या धंद्यातल्या माणसाला यासारखी आनंदाची गोष्ट नाही: एक ट्यूब रक्त, आणि त्यात गालात काय चाललंय त्याची बातमी.

पण त्या अभ्यासातले रुग्ण मोजके होते, आणि त्यांचं रक्त शिस्तीत घेतलेलं होतं. आमची गाडी इथेच घसरली.

पहिली तपासणी मार्च २०२४ मध्ये. आम्ही दोघं त्यांच्या सांगलीच्या कलेक्शन सेंटरवर गेलो. रक्त घेणारी मुलगी हुशार होती. मोठी शीर शोधली, पट्टा लगेच सैल केला, व्हॅक्युटेनरने (यात ट्यूब स्वतःच रक्त ओढून घेते) थेट जांभळ्या टोपीच्या दोन ट्यूब भरल्या, हलक्या हाताने उलट्या-सुलट्या केल्या, स्टँडला उभ्या ठेवल्या. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. शंभरपैकी २४, हिरवा पट्टा, ‘कमी जोखीम’. वहिनीने तो कागद देवघरात ठेवला. त्या महिन्यात ती झोपली. हा पहिला तारा त्या मुलीला.

दुसरी जुलैमध्ये. पाऊस होता म्हणून घरी बोलावलं. मुलगा वेळेवर आला, ओला झालेला, बोलायला गोड. दादाच्या हाताच्या शिरा सलाइनने आधीच कडक झालेल्या. तीन ठिकाणी टोचल्यावर चौथ्या ठिकाणी बारीक सुईने सिरिंजमध्ये थेंब-थेंब ओढून घेतलं आणि सुई न काढता, टोपीतून दट्ट्या दाबून जोराने ट्यूबमध्ये ढकललं. मी तिथेच म्हणाले, “अरे, असं ढकललंस तर पेशी फुटतील.” तो म्हणाला, “मावशी, काही होत नाही.” मग दोन्ही ट्यूब थंड पेटीत बर्फाच्या जेल-पॅकला चिकटवून आडव्या ठेवल्या. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे त्याची आणखी सहा घरं होती. रक्त त्यांच्या सेंटरवर दुपारी पोचलं आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलं. पेशी वेगळ्या करायला सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हे मी नंतर फोन करून विचारलं म्हणून कळलं.

हे इतकं बारीक का लिहितेय? तर आपल्या रक्तातल्या पिशव्यांत कॅन्सरच्या पिशव्या मूठभर. बाकीच्या बहुतेक प्लेटलेटच्या, लाल पेशींच्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या. शिवाय चरबी वाहून नेणारे कण, तेही साधारण याच आकाराचे आणि संख्येने कितीतरी जास्त. रक्त ट्यूबमध्ये पडून राहिलं, हललं, बर्फाला लागलं, की प्लेटलेट खवळतात आणि ट्यूबमध्येच नव्या पिशव्या सोडायला लागतात. लाल पेशी फुटल्या तर आणखी गोंधळ. म्हणजे दादाच्या गालातून निघालेलं काय आणि मोटरसायकलवरच्या पेटीत तयार झालेलं काय, हे वेगळं करणं अवघड होऊन बसतं. या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने २०१४, २०१८ आणि २०२३ ही वर्षं नावात असलेल्या नियमावल्या काढल्या. रक्त कसं घेतलं, कुठल्या ट्यूबमध्ये, किती वेळात फिरवलं, याची नोंद ठेवा, हा त्यांचा आग्रह आहे. रक्त लवकर फिरवायचं, आणि एकदा नाही, दोनदा, म्हणजे प्लेटलेट मागे राहत नाहीत. त्यानंतर कुठे एक्झोसोम वेगळे करायचे, मग ते गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने फिरवून करा नाहीतर बारीक छिद्रांच्या मण्यांच्या नळीतून गाळून करा.

आमच्या फॉर्मवर रक्त घेतल्याची वेळ लिहायला चौकटच नव्हती. साडेचौदा हजारांची तपासणी! आमच्या लॅबमध्ये शंभर रुपयांच्या साखरेच्या तपासणीला वेळ लिहितात.

रिपोर्ट आला ६७. केशरी पट्टा. ‘मध्यम ते जास्त जोखीम. तज्ज्ञांचा सल्ला घ्या.’

तो व्हॉट्सॲपवर आला, शनिवारी रात्री पावणेदहाला. सोबत कुणाचा फोन नाही, काही नाही. दादाने स्वतःच उघडला. वहिनीला सांगितलं नाही. सकाळी माझ्या दारात उभा होता, स्वेटर घालून, आणि कागदात गुंडाळलेली दुकानाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, “शेठजींना नेऊन दे. आता माझ्याच्यानं हिशेब व्हायचा नाही.”

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते मी लिहिणार नाही.

फॉलोअपला सर्जननी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि हातमोजे चढवले. गालातली बसवलेली कातडी, तिची कड, जीभ, जिभेखालचा भाग, सगळं बोटाने चाचपलं. मान दोन्ही बाजूंनी. दुर्बीण घालून घसा पाहिला. उजवीकडची खालची दाढ हिरडीतून सुजली होती, ती त्यांनीच दाखवली. मग मला म्हणाले, “ताई, आकड्याची बायोप्सी करता येत नाही मला. व्रण दाखवा, गाठ दाखवा, मी लगेच तुकडा घेतो. इथे काही नाही.” आमच्या समाधानासाठी सीटी केला. स्वच्छ. दाढेला औषध दिलं. शेक घेतलेल्या जबड्यातला दात आम्हाला विचारल्याशिवाय कुणालाही काढू देऊ नका, हाड सडतं, हे पुन्हा बजावलं.

सुजलेली दाढ म्हणजे तिथे पांढऱ्या पेशींची धावपळ. त्या पेशीही पिशव्या सोडतात, आणि त्यांच्यावरही पीडी-एल१ असतं. फॉर्मवर ‘सध्या ताप, जंतुसंसर्ग, दातदुखी आहे का’ हा प्रश्नही नव्हता.

मी लॅबला फोन केला. चार दिवस वेगवेगळ्या माणसांनी ‘मॅम, रिपोर्ट क्लिनिकल कोरिलेशनसह वाचावा’, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीशी ताडून बघा, एवढंच सांगितलं. पाचव्या दिवशी त्यांच्या सल्लागार बाई बोलल्या. त्यांनी पाऊण तास दिला, टाळाटाळ केली नाही, शनिवारी रात्री रिपोर्ट पाठवल्याबद्दल मनापासून माफी मागितली आणि अर्ध्या किमतीत पुन्हा नमुना घ्यायचं कबूल केलं. दुसरा तारा त्यांचा. पण मी जे विचारलं त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. शंभरपैकी ६७ म्हणजे कोणाच्या तुलनेत? तंबाखूमुळे गालाचा कॅन्सर झालेल्या, ऑपरेशन-शेक झालेल्या किती आपल्या माणसांवर हा आकडा पडताळला? त्यातल्या किती जणांचा रोग खरंच परत आला? त्या म्हणाल्या, “डेटा अंतर्गत आहे.”

तिसरी वेळ मी माझ्या हाताने केली. दाढ बरी झाल्यावर, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी उपाशीपोटी. बटरफ्लाय सुई, उजव्या हाताच्या मागची शीर, एका टोचण्यात मिळाली. दादाने डोळे मिटून घेतले होते. ट्यूब उभ्या, बर्फ नाही, वीस मिनिटांत आमच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, दोनदा. वर आलेला प्लाझ्मा बघितला: फिकट पिवळा, सायीविना, लिंबाच्या सरबतासारखा. जुलैचा कसा असेल ते मला ती ट्यूब न बघताही सांगता येतं, गुलाबी. पेशी फुटल्या की तो रंग येतो, आणि आमच्याकडे असा नमुना आला तर आम्ही कित्येक तपासण्या करतच नाही, परत बोलावतो. गोठवून, कोरड्या बर्फात पाठवला. आकडा आला २७.

२४, ६७, २७. एका माणसाच्या तीन आकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण मधल्या आकड्याच्या आगेमागे काय काय घडलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्या आकड्यावर माझा भाऊ दुकानाची किल्ली परत द्यायला निघाला होता.

काही जण म्हणतील, परदेशात तर रक्तावरून घशाच्या कॅन्सरचा मागोवा घेतात. घेतात, पण ती गोष्ट वेगळी आहे. नाकामागच्या घशाचा जो कॅन्सर असतो, आपल्याकडे नागालँडमध्ये जास्त दिसतो, त्यात एपस्टाईन-बार विषाणूचा डीएनए रक्तात मोजतात. हाँगकाँगमध्ये डेनिस लो यांच्या गटाने हे नव्वदच्या दशकापासून बसवत आणलं आणि २०१७ मध्ये वीस हजार पुरुषांवरचा अभ्यास छापला. टॉन्सिलच्या भागातल्या एचपीव्ही विषाणूच्या कॅन्सरलाही तशी तपासणी निघाली आहे. तिथे शोधायची वस्तू परकी असते. विषाणूचा डीएनए आपल्या पेशीत मुळात नसतो, त्यामुळे उपचारानंतर तो पुन्हा दिसू लागला तर त्याला अर्थ असतो. आपल्या गालाच्या, हिरडीच्या कॅन्सरमागे बहुतेक तंबाखू आणि सुपारी. त्यात असा परका पाहुणा नाही. एक्झोसोम तर निरोगी माणसाच्या रक्तातही अब्जांनी असतात. एका जातीच्या कॅन्सरचा पुरावा दुसऱ्याच्या जाहिरातीत वापरू नये. आमच्या हातात दिलेल्या माहितीपत्रकात तो वापरला होता.

पुरावा कसा असतो ते आम्हाला आधीच माहीत होतं. ऑपरेशनच्या वेळी वहिनीने सर्जनना विचारलं होतं, “मानेत हाताला गाठ लागत नाही, मग मान कशाला कापायची?” त्यांनी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा अभ्यास सांगितला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये अर्ध्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, अर्ध्यांच्या रोग मानेत दिसल्यावर काढल्या. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचा हिशेब छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले साडेसदुसष्ट. ते ऐकून वहिनीने सही केली, आणि दादाच्या मानेत हाताला न लागलेल्या दोन गाठींत रोग निघाला. एक्झोसोमच्या तपासणीकडे मला असला हिशेब हवा आहे. पाचशे नको, शंभरांचा चालेल, पण आपल्या लोकांचा आणि सगळ्यांना वाचता येईल असा छापलेला.

या सगळ्यात एक रक्ततपासणी मात्र खरंच कामाला आली, आणि ती कुठल्याही पॅकेजात नव्हती. दादा किल्ली घेऊन आला तेव्हा अंगात स्वेटर होता. जुलैत. महिनाभर तो दुपारी झोपायचा, थंडी वाजते म्हणायचा, वजन वाढलं होतं. आम्ही समजत होतो, मन खचलंय. मानेला शेक दिला की थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइड कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघायचा असतो. फॉलोअपच्या कागदावर हे लिहिलेलं होतं, आणि मी, रोज वीस टीएसएच लावणारी, ते विसरले होते. लावला तर १४.२. पाचच्या आत हवा. अडीचशे रुपयांची तपासणी, सकाळची एक बारीक गोळी, आणि दोन महिन्यांत दादा परत गल्ल्यावर. डोकं-मानेचा शेक झालेलं माणूस तुमच्या घरात असेल तर साडेचौदा हजारांच्या आधी हे अडीचशे खर्च करा.

आणि दादाचं तोंड किती उघडतं ते बघायला घरी आम्ही काड्या मोजतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, एकावर एक, वरच्या-खालच्या दातांत मावतील तितक्या. शेक संपले तेव्हा नऊ मावायच्या. आता पंधरा. दादा रोज सकाळी व्यायाम करतो, आणि वहिनी रविवारी सूर्यप्रकाशात बसवून, टॉर्च घेऊन, सगळं तोंड बघते. मला तिने वहीत लिहायला सांगितलंय काय काय बघायचं: काड्या अचानक कमी झाल्या का, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण आहे का, त्याच बाजूचा कान दुखतो का, मानेत नवं काही लागतं का. यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता जायचं. सर्जननी तिची वही बघितली आणि दुसऱ्या पेशंटच्या बायकोला दाखवायला मागून घेतली.

तुम्ही तरीही हे पॅकेज घेणार असाल, आणि मी घेऊ नका म्हणत नाही, तर रक्त सेंटरवर जाऊन द्या, घरी बोलावू नका. किती वेळात फिरवणार ते लिहून मागा. दात, सर्दी, ताप असेल तर थांबा. रिपोर्ट आधी डॉक्टरांकडे जाऊ दे, पेशंटच्या मोबाइलवर नको. आणि आकडा हिरवा आला म्हणून फॉलोअपची तारीख चुकवू नका. आम्ही मार्चनंतर एक तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली होती, ‘२४ आलाय की’ म्हणून. ती माझी चूक होती.

सल्लागार बाईंना विचारलेले तेच तीन प्रश्न मी लॅबला लेखी पाठवले आहेत, फॉर्मवर वेळेची आणि जंतुसंसर्गाची चौकट घाला या विनंतीसह. सल्लागार बाईंनी पत्र वरपर्यंत पोचवलंय असं कळवलं. उत्तर आलं, आणि त्यात आपल्या माणसांवरचा छापलेला हिशेब असला, तर मी इथे येऊन तारे बदलेन.